वाचले, वाचून काढले, वाचून टाकले



जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अनेक वाचक एक संकल्प सोडतात. कोणी यंदा १२ पुस्तके वाचायचे ठरवतो, कोणी २४, तर कोणी आठवड्याला एक या हिशेबाने ५२. पुढे वर्षभर अधूनमधून प्रगती कळवली जाते : ‘मार्चअखेर पाच झाली’, ‘जून संपला तरी गाडी तीनवरच अडली आहे’. डिसेंबरात यादी पूर्ण होते किंवा अपुरी राहते. प्रत्येक पुस्तकापुढे एखादा अभिप्रायही असतो : छान, बरे, ठीक, अवश्य वाचावे.

मराठी विषय घेऊन बी. ए. करणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याने असा वार्षिक वाचनसंकल्प करावा का, आणि केल्यास त्याची नोंद कशी ठेवावी, याविषयीचे माझे मत प्रस्तुत लेखात मांडत आहे. ते थोडक्यात असे : संकल्प जरूर करावा, आकडाही ठरवावा, मात्र वर्षअखेरीस आपल्या हाती उरायला हवे ते आकड्याहून वेगळे आहे. वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाविषयी कारणासह मांडता येईल असे स्वतःचे एक मत उरायला हवे. ते उरले नाही, तर यादी कितीही लांबली तरी वाचन झाले असे म्हणता येणार नाही.

आकड्याची बाजू

प्रथम आकड्याची बाजू मांडणे न्यायाचे होईल. ‘वाचन म्हणजे काय वाण्याची यादी आहे?’ असे विचारणे सोपे असते. परंतु ज्याचा दिवस कचेरीत, शेतात, दुकानात किंवा स्वयंपाकघरात जातो, त्याच्या वाट्याला मोकळा वेळ आपोआप येत नाही. तो राखून ठेवावा लागतो. आकडा नेमके हे काम करतो. बारा पुस्तके म्हणजे महिन्याला एक. दोनशे पानांचे पुस्तक महिनाभरात संपवायचे तर रोज सात पाने पुरतात. ‘भरपूर वाचायचे आहे’ ही इच्छा वर्षानुवर्षे इच्छाच राहते. ‘आज सात पाने’ हे मात्र रात्री झोपण्यापूर्वी तपासून पाहता येते.

आपल्या परंपरेलाही वाचनाचा आकडा परका नाही. गावोगावच्या हरिनाम सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते, ते कोणत्या दिवशी कोठपर्यंत वाचायचे हे ठरवूनच. अठरा अध्यायांच्या सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत बसवलेल्या असतात. ही विभागणी केवळ अध्याय मोजून करता येत नाही. कारण पहिला अध्याय पावणेतीनशे ओव्यांच्या आसपास आहे, तर अठराव्यात अठराशेहून अधिक ओव्या आहेत. म्हणजे मोजणाऱ्यालाही काय मोजतो आहोत याचे भान ठेवावे लागते. त्याच सप्ताहात रात्री कीर्तन असते, आणि कीर्तनकार बहुधा एकच अभंग निरूपणाला घेऊन त्यावर दोन तास बोलतो. सकाळी हजारांच्या हिशेबात ओव्या आणि रात्री एक अभंग, असा तो दिनक्रम आहे. आजचा वाचनसंकल्प बहुतेकदा सकाळच्या भागापाशीच थांबतो. पारायण होते, निरूपण राहून जाते.

आकडा काय लपवतो?

विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) ही छोटेखानी कादंबरी. दुसऱ्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर युरोपातून निघालेल्या बोटीवर चक्रधर आणि हॅर्टा ही ज्यू तरुणी भेटतात, त्यांची ही कथा. सुटीच्या एका दिवसात ती वाचून होऊ शकते. रंगनाथ पठारे यांची ‘सातपाटील कुलवृत्तांत’ (२०१९) एका कुळाच्या अनेक शतकांतील पिढ्यांचा वेध घेते आणि सुमारे आठशे पानांची आहे. वर्षाच्या यादीत मात्र दोन्हींपुढे ‘१’ हाच आकडा पडतो. बा. सी. मर्ढेकरांचा ‘काही कविता’ (१९४७) हा लहानसा संग्रह एका बैठकीत ‘पूर्ण’ होतो. मराठी समीक्षा मात्र त्यावर कित्येक दशके बोलत राहिली आहे.

आकड्याचे दडपण वाढले की त्याचे परिणाम दिसू लागतात. वर्ष सरत आले की कपाटातील सडपातळ पुस्तके शोधली जातात. जाडजूड कादंबरी ‘पुढच्या वर्षी’ ढकलली जाते. आवडलेले पुस्तक पुन्हा वाचावेसे वाटले तरी हात आखडतो, कारण पुनर्वाचनाने यादी वाढत नाही. पन्नास पाने वाचून सोडलेले पुस्तक नोंदवायची लाज वाटते. आणि सर्वांत मोठी हानी अशी, की संसार सांभाळून वर्षात चारच पुस्तके मन लावून वाचणारी विद्यार्थिनी स्वतःला नापास समजू लागते. तिने त्या चार पुस्तकांतून काय मिळवले, हे तिला कोणी विचारलेले नसते.

मराठीने आधीच केलेली सोय

वाचनाची प्रगती नोंदवण्यासाठी आकड्यापेक्षा नेमके साधन आपल्या भाषेतच आहे, आणि ते आपण रोज वापरतो. मराठीतील संयुक्त क्रियापदे आठवून पाहा. ‘पुस्तक वाचले’ हे साधे विधान झाले. ‘वाचून काढले’ म्हणताना चिकाटीने आरंभापासून शेवटापर्यंत गेल्याचा अर्थ येतो. ‘वाचून टाकले’ यात डोक्यावरचे ओझे उतरवल्याची भावना आहे. ‘वाचून पाहिले’ हा प्रयोग आहे. पुढे जाण्याचे वचन त्यात नाही. ‘वाचायला घेतले’ म्हणजे आरंभ झाला, शेवटाविषयी मौन. ‘वाचत गेलो’ म्हणताना पुस्तकाने आपल्याला पुढे नेले, तर ‘वाचत बसलो’ म्हणताना हातातली कामे राहिली. ‘वाचून झाले’ या रचनेत वाचणारा बाजूला सरतो आणि काम संपल्याची तेवढी वार्ता उरते.

यांत सर्वांत बोलके रूप मला ‘वाचवेना’ हे वाटते. ‘मला पुढे वाचवेना’ या वाक्यात शक्य क्रियापद आहे. वाचण्याची शक्ती उरली नाही, एवढेच ते सांगते. ती का उरली नाही याची दोन अगदी विरुद्ध कारणे असू शकतात. लेखन इतके नीरस, की पुढे वाचवेना. किंवा लेखन इतके जिव्हारी लागणारे, की पुढे वाचवेना. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) वाचताना एखाद्या पानावर पुस्तक मिटून ठेवावे लागले, तर ते दुसऱ्या प्रकारचे थांबणे आहे. यादीत दोन्ही प्रकारची पुस्तके ‘अपूर्ण’ या एकाच रकान्यात जातात. वाचकाच्या दृष्टीने मात्र त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

म्हणून माझी पहिली सूचना : तुमच्या वहीत पुस्तकाच्या नावापुढे आकड्याऐवजी खरे क्रियापद लिहा. ऐकलेले पुस्तक असेल तर ‘ऐकले’ लिहा; त्यात काही उणे नाही, पोथी ऐकणाऱ्यांची आपल्याकडे मोठी परंपरा आहे. सोडलेल्या पुस्तकापुढे ‘ऐंशीव्या पानावर थांबलो’ असे लिहून थांबण्याचे कारण एका वाक्यात द्या. पुन्हा वाचलेल्या पुस्तकाला नवी ओळ द्या. अभ्यासक्रमातील पुस्तकही संकल्पात धरा. अट एवढीच, की मूळ पुस्तक वाचलेले असावे, त्यावरचे मार्गदर्शक नव्हे.

‘मला आवडले’ आणि ‘माझे मत’

आता अभिप्रायाकडे वळू. ‘मला ही कादंबरी आवडली’ या वाक्याची घडण पाहा. ‘मला’ हे चतुर्थीचे रूप आहे आणि क्रियापद ‘कादंबरी’प्रमाणे चालते; नाटक असते तर ‘आवडले’ झाले असते. भूक लागणे, राग येणे, थंडी वाजणे यांच्या ओळीतलेच हे वाक्य आहे. वाचकाला काहीतरी झाले, ते तो सांगतो. असे विधान खोडून काढता येत नाही. ‘नाही, तुम्हाला ती आवडली नाही’ असे कोण म्हणेल? पण जे खोडता येत नाही, त्यावर चर्चाही होऊ शकत नाही.

‘या कादंबरीचा उत्तरार्ध सैल होतो’ हे वाक्य निराळ्या जातीचे आहे. येथे कर्ता कादंबरी आहे आणि विधान तिच्याविषयी आहे. ऐकणारा विचारू शकतो : कोठे सैल होतो? कशावरून? उत्तर देण्यासाठी पुस्तक पुन्हा उघडावे लागते. वाचनसंकल्पातील प्रत्येक नोंदीत पहिल्या प्रकारचे वाक्य जरूर असावे, कारण आवडनिवड हा वाचनाचा पाया आहे. पण दुसऱ्या प्रकारचे निदान एक वाक्य असल्याशिवाय ती नोंद पूर्ण समजू नये.

‘मत’ हा शब्दही येथे लक्षात घेण्याजोगा आहे. संस्कृतातील ‘मन्’ म्हणजे विचार करणे या धातूपासून तो आला. मराठीत त्याचे दोन अर्थ रूढ आहेत : निवडणुकीत देतो ते मत आणि विचारांती बनते ते मत. दोहोंतील फरक क्रियापदे सांगतात. पहिले मत आपण देतो किंवा टाकतो. दुसरे मत मांडतो. टाकलेल्या मताचे कारण कोणी विचारत नाही आणि ते मागेही घेता येत नाही. मांडलेल्या मताला कारण द्यावे लागते, आणि अधिक चांगले कारण समोर आले तर ते बदलता येते. पुस्तकाला पाचपैकी चार तारे देणे हे मतदान झाले. तेही करावे, मात्र त्यालाच मत समजू नये.

एकाच पुस्तकाच्या दोन नोंदी

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर (१९५५) पुढील दोन नोंदी मी कल्पनेने तयार केल्या आहेत.

पहिली नोंद : ‘अतिशय वाचनीय कादंबरी. ओघवती भाषा. ग्रामीण जीवनाचे यथार्थ चित्रण. प्रत्येकाने वाचावी.’

दुसरी नोंद : ‘नऊ दिवसांत वाचून काढली. धनगरांच्या वाडीवर बदलून आलेला तरुण मास्तर गोष्ट सांगतो. शेवटी दुष्काळाने वाडी ओस पडते, पण निवेदक फारसा गळा काढत नाही. माणसे कशी निघून गेली एवढे सांगतो. मला त्यामुळेच जास्त लागले. मात्र अंजी मला नीट दिसली नाही. ती मास्तराच्या नजरेतूनच दिसते. तिला स्वतःला काय वाटत होते, हे जाणून घ्यायला आवडले असते.’

पहिल्या नोंदीत चूक काहीच नाही. अडचण एवढीच, की ‘बनगरवाडी’ऐवजी दुसऱ्या कोणत्याही ग्रामीण कादंबरीचे नाव घातले तरी ती तशीच चालते. ती लिहिण्यासाठी पुस्तक वाचण्याचीही गरज नाही. ‘वाचनीय’, ‘ओघवती’, ‘यथार्थ’, ‘मनाला भिडणारे’, ‘अंतर्मुख करणारे’ हे शब्द आता इतक्या हातांतून फिरले आहेत, की त्यांवरची मुद्रा पुसली गेली आहे. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतही तीच वाक्ये एकामागून एक भेटतात, आणि उत्तर कोणी लिहिले आहे याचा त्यांतून पत्ता लागत नाही. दुसरी नोंद मात्र दुसऱ्या पुस्तकाला लावता येणार नाही. तिच्याशी असहमतही होता येते : अंजी दुरून दिसणे हेच कादंबरीच्या निवेदनपद्धतीला धरून आहे, असे कोणी म्हणू शकेल. असा प्रतिवाद निघू शकतो, म्हणूनच तिला मत म्हणायचे.

प्रौढ वाचकाचे भांडवल

‘आम्ही मत मांडणारे कोण? समीक्षकांनी लिहिले आहे ते पाठ करू,’ असा संकोच अनेक विद्यार्थ्यांच्या मनात असतो. शिक्षणात मध्ये दहा-वीस वर्षांचा खंड पडला की तो अधिकच वाढतो. माझ्या दृष्टीने वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. नियमित महाविद्यालयातील वीस वर्षांच्या मुलाकडे नसलेले भांडवल तुमच्याकडे आहे.

भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) घ्या. खानदेशातील सांगवीहून पुण्याला शिकायला गेलेला पांडुरंग सांगवीकर स्वतःची कहाणी सांगतो. विशीतला वाचक सहज पांडुरंगाच्या बाजूने उभा राहतो. पण ज्याने स्वतःच्या मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरले आहेत, असा पंचेचाळिशीतला वाचक तीच कादंबरी वाचताना मध्येच थबकतो आणि पांडुरंगाच्या वडिलांचा विचार करू लागतो. बापलेकांतील ताण त्याला दोन्ही बाजूंनी दिसतो. हे वाचन कमी प्रतीचे नाही. ते वेगळ्या जागेवरून केलेले आहे, आणि ती जागा नोंदीत स्पष्ट सांगितली तर त्या मताचे वजन वाढते.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाईंची अक्षरओळख लग्नानंतरची. रेव्हरंड टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर पतिपत्नींची काही वर्षे ताटातूट झाली. तो काळ लक्ष्मीबाई ज्या विनोदबुद्धीने सांगतात, तिच्याविषयी सासर-माहेर, घरातील दुरावा आणि उशिरा हाती आलेली पाटी-पेन्सिल स्वतः अनुभवलेल्या वाचकाला सांगण्यासारखे पुष्कळ असणार. तो विनोद दुःख झाकतो की दुःखाला तोंड देतो, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शकात तयार मिळणार नाही.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. स्वतःचा अनुभव हा मताचा आरंभ आहे, पुरावा नव्हे. ‘माझ्याही बाबतीत असेच घडले’ एवढ्यावर नोंद थांबली, तर आपण पुस्तकाविषयी न बोलता स्वतःविषयी बोललो. अनुभवाने प्रश्न सुचवावा. उत्तर पुस्तकाच्या पानांत शोधावे.

मत सांगावे कोणाला?

दूरस्थ शिक्षणात वर्ग रोज भरत नाही. वर्गातील विद्यार्थ्याला शेजारच्या बाकावर मिळणारा वाद तुम्हाला मुद्दाम मिळवावा लागतो. म्हणून वाचनसंकल्पाची प्रगती एकमेकांना सांगणे हा तुमच्यासाठी निव्वळ हौसेचा भाग नाही; तो तुमचा वर्ग आहे. संपर्कसत्राच्या दिवशी चहाच्या सुटीत तीन-चार जणांनी एकत्र बसावे. प्रत्येकाने चारच गोष्टी सांगाव्यात : पुस्तकाचे नाव, वाचनाचे खरे क्रियापद, एक मत, आणि ते मत ज्यावर आधारले आहे ते पान. ऐकणाऱ्यांनी ‘किती झाली?’ असे न विचारता ‘कशावरून?’ असे विचारावे. अभ्यासकेंद्र लांब असेल तर गावच्या वाचनालयातील कोणी वाचणारा माणूस किंवा घरातलेच कोणी चालेल.

या देवाणघेवाणीत एक धोका आहे. समूहात मते एकमेकांकडे झुकतात. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ (१९६७) सर्वांनी डोक्यावर घेतलेली असताना, ती आपल्याला लांबलेली वाटली असे म्हणणारा गप्प बसतो. उलट जाणकारांच्या मंडळीत तिच्यावर नाके मुरडली जात असतील, तर ती वाचून रात्र जागवलेला वाचक गप्प बसतो. दोघांचेही नुकसान सारखेच. त्यावर उपाय असा, की नोंद आधी लिहावी आणि मग बोलावे. प्रस्तावना, परीक्षणे, इतरांचे अभिप्राय यांच्याकडेही त्यानंतरच वळावे. बोलताना विषय ‘चांगली की वाईट’ यावरून हलवून एखाद्या नेमक्या प्रश्नावर आणावा. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण असे निरनिराळे निवेदक आहेत. या सहाजणांची भाषा खरोखर वेगवेगळी आहे का? दोन निवेदकांचे एकेक पान शेजारी ठेवून पाहावे. कादंबरी आवडलेला आणि न आवडलेला असे दोघेही या प्रश्नावर एकत्र काम करू शकतात.

चर्चेनंतर मत बदलले तर जुनी नोंद खोडू नका. तिच्याखाली तारीख घालून नवे मत लिहा. जानेवारीतील आणि नोव्हेंबरातील मतांत जे अंतर पडले, ते कसे पडले हे त्या दोन नोंदींतून दिसते. माझ्या मते तुमच्या वर्षाची खरी प्रगती तीच.

संकल्पाचा आरंभ जानेवारीतच व्हायला हवा असे नाही. गुढीपाडवा, शैक्षणिक वर्षाचा पहिला दिवस किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, कोणताही दिवस चालेल. आकडा आपल्या दिवसाच्या ऐपतीप्रमाणे ठरवावा. सहा पुस्तके ठरवून चारच झाली, पण त्या चारांविषयी तुम्हाला प्रत्येकी पाच मिनिटे कारणांसह बोलता आले, तर परीक्षेतील उत्तर लिहिताना दुसऱ्याची वाक्ये उसनी आणायची वेळ येणार नाही.

स्वयं-अध्ययनासाठी

१. गेल्या वर्षभरात वाचलेल्या तीन पुस्तकांची नावे लिहा. प्रत्येकापुढे योग्य ते संयुक्त क्रियापद लिहून ते का निवडले, हे एका वाक्यात सांगा.

२. त्यांपैकी एका पुस्तकाविषयी आठ-दहा ओळींची नोंद लिहा. नंतर पुस्तकाचे नाव झाका आणि तीच नोंद दुसऱ्या पुस्तकाला लागू पडते का, ते तपासा. पडत असेल तर पुस्तक उघडून नोंद पुन्हा लिहा.

३. तुमच्या मताशी असहमत असलेल्या एका वाचकाचे म्हणणे त्याच्या कारणांसह लिहून काढा. त्यानंतर तुमचे मत कायम राहिले की बदलले, ते तारखेसह नोंदवा.